चार व्होल्ट गेले कुठे?

बारा व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्या तारेत मध्येच तब्बल एक लाख ओहमचा अडथळा बसवा. आता तारेच्या पलीकडच्या टोकाला डिजिटल मल्टीमीटर लावा. किती दाखवेल? जवळजवळ पूर्ण बारा! त्या तारेवर साधा बल्ब पेटणार नाही, खेळण्यातली मोटर फिरणार नाही, पण मीटर छातीठोकपणे सांगणार की सगळं आलबेल आहे. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. शेजाऱ्यांना सांगून झालं, शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगून झालं, सोसायटीच्या वॉचमनलाही सोडलं नाही. घरात तर मी ‘व्होल्ट’ एवढं म्हटलं की माणसं उठून आत जातात. म्हणून आता लेखच लिहायला बसले.

हा नाद लागला तो अकलोलीला. भिवंडी तालुक्यातलं हे गाव ओळखलं जातं ते तानसा नदीच्या काठच्या गरम पाण्याच्या कुंडांमुळे. वज्रेश्वरीपासून जेमतेम दोनेक किलोमीटर, आणि गणेशपुरीही जवळच. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता आणि १७३९ मध्ये किल्ला सर झाल्यावर देवीचं देऊळ बांधलं गेलं, ही गोष्ट आई दर वेळी त्या पायऱ्या चढताना सांगते. पायऱ्या चढून गुडघे धरले की मग अकलोलीला कुंडावर जायचं, हा तिचा ठरलेला क्रम. पावसाचं पाणी जमिनीतल्या खोल भेगांतून खाली जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं. पालघरमधल्या सातिवलीपासून खाली रत्नागिरीतल्या तुरळ, राजापूरपर्यंत असे झरे किनाऱ्याला समांतर लागलेले आहेत. आईला या भूगोलाशी घेणं नाही. पाय पाण्यात सोडून ‘अगं बाई गं’ म्हणता आलं की तिचं काम झालं.

पाय शेकून, चहा पिऊन आम्ही निघालो. चावी फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला, पण इंजिन काही पकडेना. पुन्हा सेल्फ. पुन्हा तेच. गाडी आधीपासून चढावर मिसिंग करत होती, आणि शहरातल्या एका गॅरेजने बोनेटही न उघडता निकाल देऊन टाकला होता: “टाकीतला पंप गेलाय मॅडम, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल.” काही हजारांचं काम. त्यामुळे आता टोचन लावून गाडी भिवंडीपर्यंत ओढत न्यायची आणि मुकाट्याने पैसे मोजायचे, अशी माझ्या मनाची तयारी झाली होती. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी मात्र कुणाला तरी फोन लावला, आणि थोड्या वेळाने मोटरसायकलवरून एक दादा आले. खांद्याला कापडी पिशवी. आयुष्यातली बरीच वर्षं भिवंडीत लूमच्या मोटारींचं वायरिंग करण्यात गेलेली, आता गावाकडे गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम. पिशवीतून त्यांनी एक साधा मल्टीमीटर काढला, आणि एक इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी डाग देऊन जोडलेल्या. बस्स, तपासायची हत्यारं एवढीच.

“ताई, सेल्फ मारू नका. चावी फक्त ऑन करा. पंखा, रेडिओ बंद. काचा वर.” आणि स्वतः मागचं दार उघडून त्यांनी मागच्या सीटला कान लावला.

मी चावी ऑन केली. दादांनी मला मागे बोलावलं, स्वतः चावीशी बसले आणि मला सीटला कान लावायला सांगितलं. आणि मी ते ऐकलं! ‘घुर्रर्र’ असा एक दबका, दमलेला आवाज. दोन सेकंद. मग शांत. पेट्रोलच्या टाकीच्या आत एक विजेची मोटर आहे, ती पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि चावी लावताच फिरते, हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं गाडी चालवते आहे, पण तो आवाज ओळखीचा झालेला नव्हता.

“बंद पडला ना!” मी म्हटलं.

“बंद पडला नाही, बंद केला,” दादा म्हणाले. चावी ऑन झाली की गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पंपाला दोन-तीन सेकंद चालवतो, पाइपात दाब भरून घेतो आणि थांबवतो. पुढे इंजिन फिरतंय असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून आला तरच पंप पुन्हा चालू राहतो. का? अपघात झाला, इंजिन बंद पडलं, चावी तशीच ऑन राहिली आणि पाइप फुटलेला असेल, तर पंपाने रस्त्यावर पेट्रोल ओतत बसू नये म्हणून! त्या दोन सेकंदांत एवढा विचार कोंबलेला आहे. मी अवाक् झाले. आणि हा क्रँक सेन्सर मेला तर पंप चांगला असूनही सेल्फ मारताना चालणार नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं.

“पण आवाज दमलाय,” ते पुढे म्हणाले. “चांगला पंप ‘झुंईं’ करतो. हा घुरघुरतोय. म्हणजे एक तर मोटर खराब, नाहीतर तिला खायला पुरेसं मिळत नाही. दोन्हींत फरक आहे की नाही?”

फरक आहे की नाही! या एका प्रश्नावर सगळं उभं आहे. मी गणित शिकवते. समीकरणात दोन अज्ञात असतील तर एकावरच बोट ठेवून चालत नाही, हे मुलांना दर वर्षी सांगते. गॅरेजवाल्याने मात्र सरळ एकावर बोट ठेवलं होतं.

मग सुरू झाली ती चौकशी. आधी बॅटरी: १२.५ व्होल्ट. उत्तम. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग फ्यूज. तो उपसून डोळ्यांपुढे धरून बघायचा अशी माझी समजूत. दादांनी तो काढलाच नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, तिथे बल्बची वायर टेकवली. दोन्हीकडे पेटला, म्हणजे फ्यूज साबूत. मग रिले. काळा, काडेपेटीपेक्षा लहान चौकोनी ठोकळा. त्यावर बोट ठेवायला सांगितलं आणि चावी ऑन केली. बोटाखाली ‘टक्’! पुन्हा दोन सेकंदांनी ‘टक्’! ईसीयूला पंपाचा सगळा करंट स्वतःच्या अंगावर घ्यायचा नसतो. तो रिलेच्या कॉइलला थोडासा करंट देतो, कॉइल चुंबक बनते, आतली पट्टी ओढली जाते आणि जाड वायरीतला मोठा करंट पंपाकडे जातो. रिलेच्या पायांवर आकडे असतात, ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा, ८७ म्हणजे पुढे जाणारा. जर्मन मानकातले हे आकडे अकलोलीतल्या एका माणसाला तोंडपाठ!

“टक् झालं म्हणजे रिले चांगला?” मी विचारलं.

“टक् झालं म्हणजे कॉइल चांगली. आतले पॉइंट जळालेले असले तरी टक् होतंच.” हॉर्नचा रिले तस्साच, त्याच आकड्यांचा आणि तेवढ्याच क्षमतेचा होता. तो काढून इथे बसवला. फरक नाही. रिले सुटला.

आता मागची सीट उचलली. खाली पत्र्याचं एक गोल झाकण, त्यातून वर आलेला वायरींचा कपलर. इथे माझा श्वास थोडा अडकला, कारण पेट्रोलचा मंद वास येत होता. दादांनी चारी दारं उघडी टाकली, आजूबाजूला कुणी विडी ओढत नाही ना पाहिलं आणि बजावलं की ठिणगी पडेल असं कोणतंही काम टाकीजवळ करायचं नाही, ते पुढे रिलेच्या डब्यात करायचं. कपलर सोडवला, मीटरच्या दोन काड्या त्याच्या टोकांना लावल्या, मला चावी ऑन करायला सांगितली. १२.४ व्होल्ट!

“मग पंपच खराब,” मी हताश होऊन म्हटलं. वायरीत बारा व्होल्ट येतायत आणि पंप नीट फिरत नाही, म्हणजे दुसरं काय असणार?

दादा हसले. “ताई, नळाला पाणी जोरात येतं की नाही हे नळ बंद ठेवून कसं कळणार? पाइपात बोळा अडकलेला असला तरी बंद नळाशी दाब पूर्णच दाखवेल. नळ सोडा, मग बघा धार.”

माझ्या डोक्यात लखकन् प्रकाश पडला तो इथे! कपलर सोडवला होता. करंट वाहतच नव्हता. डिजिटल मीटर आपल्या पोटातून जवळपास करंट जाऊच देत नाही, त्याचा स्वतःचा अवरोध साधारण एक कोटी ओहम असतो. म्हणजे बारा व्होल्टला त्यातून जाणार एक-सव्वा मायक्रोअँपिअर. इतक्याशा करंटला वाटेत एक लाख ओहम आडवे आले तरी जेमतेम दशांश व्होल्ट गळतो. वायर गंजून तिचा एकच तंतू शिल्लक असला, तरी मीटर बाराच दाखवणार. मीटर खोटं बोलत नव्हता, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

मग योग्य प्रश्न कसा विचारायचा? वायरीला कामाला लावून. दादांनी तो बल्ब घेतला. हा २१ वॉटचा, म्हणजे पेटला की पावणेदोन अँपिअर ओढणारा. ठिणगी नको म्हणून चावी बंद असतानाच कपलरच्या दोन टोकांत लावला, मग चावी ऑन. पेटला, पण पिवळट, मरगळलेला. आता पुन्हा चावी बंद करून त्यांनी एक टोक तसंच ठेवलं आणि दुसरं टोक कपलरच्या अर्थच्या पिनवरून काढून सीटखालच्या एका चकचकीत बोल्टवर, थेट गाडीच्या पत्र्यावर टेकवलं. चावी ऑन.

बल्ब झळाळून उठला. पांढरा!

मी अक्षरशः टाळी वाजवली. कुंडावरून ओल्या टॉवेलने निघालेली माणसं थांबून बघायला लागली. येणारी वायर ठणठणीत होती. लोचा परतीच्या वाटेत, अर्थमध्ये होता! आपण सगळे ‘करंट येतो का’ एवढंच विचारतो. आलेला करंट परत जातो का, हे कोण विचारतं? बॅटरीतून निघालेल्या करंटला पंपातून फिरून बॅटरीपर्यंत परत पोचावंच लागतं, आणि गाडीत ती परतीची वाट म्हणजे एक काळी वायर, एक बोल्ट आणि गाडीचा पत्रा.

एवढ्यावर काम भागलं असतं, पण मी गणितवाली. मला आकडे हवे होते. दादांनाही चेव चढला. त्यांनी रिले काढून त्याच्या ३० आणि ८७ या खाचांत फ्यूज लावलेली छोटी वायर घातली, म्हणजे पंप दोन सेकंदांत न थांबता सतत चालत राहील. कपलर पुन्हा जोडला आणि जोडलेल्या कपलरच्या मागून बारीक सुया घालून चालू पंपावर मोजमाप सुरू झालं. मी हातावर पेनने लिहून घेत होते.

बॅटरीच्या दोन टोकांत: १२.३.
पंपाच्या दोन टोकांत: ७.६.

म्हणजे ४.७ व्होल्ट वाटेत गायब! कुठे? मीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लसवर, काळी पंपाच्या प्लसवर. ०.३. फ्यूज, रिले आणि लांबलचक वायर धरून एवढं चालतं, अर्ध्या व्होल्टच्या आत असलं की बास. आता लाल काडी पंपाच्या अर्थच्या पिनवर, काळी बॅटरीच्या मायनसवर. इथे खरं तर शून्याच्या जवळपास यायला हवं. मीटरवर आकडा आला: ४.४.

०.३ अधिक ७.६ अधिक ४.४. करा बेरीज. १२.३! जेवढे बॅटरीतून निघाले तेवढेच्या तेवढे, दशांशापर्यंत जुळले. गुस्टाव्ह किर्खोफ या जर्मन विद्यार्थ्याने वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८४५ मध्ये, हाच नियम मांडला: बंद वाटेवर फिरून परत आलात की व्होल्टेजचा हिशोब शून्याला शून्य जुळलाच पाहिजे. शाळेच्या पुस्तकात तो नियम मी वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण तो तानसेच्या काठी, आपल्याच गाडीच्या सीटखाली, माझ्या तळहातावर निळ्या शाईत जुळताना बघणं! फळ्यावर शेकडो समीकरणं सुटताना पाहिली, पण इतका आनंद कधी झाला नव्हता.

दादांनी मग मीटर १० अँपिअरच्या खाचेवर घेतला आणि पंपाच्या फ्यूजच्या जागी जोडला. चार अँपिअर. आता मी दादांच्या पुढे धावायला लागले. ४.४ भागिले ४, म्हणजे १.१ ओहम! एवढासा अडथळा! मी म्हटलं, मग हा सरळ ओहमच्या रेंजवर का नाही मोजला? तर मीटरच्या काड्यांचाच अवरोध अर्ध्या ओहमच्या घरात असतो, त्यात हा एक ओहम नजरेतून सहज सुटतो. आणि मीटरचा तो ‘बीप’ करणारा बझर तर दहा-वीस ओहम असले तरी खुशाल वाजतो. बझर वाजला म्हणून वायर चांगली, असं धरून चाललो असतो तर जन्मभर पंपच बदलत बसलो असतो.

अजून एक हिशोब: ४.४ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर, साडेसतरा वॉट. एवढी शक्ती त्या एका खराब जोडाला तापवण्यात खर्च होत होती. दादांनी कार्पेट उचललं, मागच्या दाराच्या उंबऱ्याजवळ हात घातला आणि म्हणाले, “लावा हात.” बोल्ट गरम होता! दाराच्या रबरातून पावसाचं पाणी आत झिरपून कार्पेटखाली साचलं होतं. काळ्या वायरीच्या टोकाचा पितळी लग हिरवा पडलेला, खालचा पत्रा तांबेरलेला, आणि वायरीचं प्लास्टिक लगापाशी तपकिरी होऊन कडक झालेलं. काही हजारांच्या पंपाचा खून करायला निघालेला आरोपी हा असा, नखाएवढा.

पाना लावून बोल्ट काढला. पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला. वायर थोडी मागे कापून नवा लग पक्कडीने दाबून बसवला. बोल्ट कचकचून आवळला आणि वरून व्हॅसलीनचा लेप दिला, पुन्हा ओल लागू नये म्हणून. परत मोजलं. अर्थवरची गळती ४.४ वरून ०.०८. पंपाला ११.९ व्होल्ट. आणि सीटखालून आवाज आला तो घुरघुरता नव्हे, ‘झुंईंईं’! चावी फिरवली, अर्ध्या सेल्फला गाडी चालू.

आता एक गोष्ट मला छळत होती. अर्थ इतका खराब होता, तर गाडी अकलोलीपर्यंत आली कशी? आणि येऊन थांबल्यावरच का रुसली? घरी येऊन कागद घेऊन बसले तेव्हा त्याचंही उत्तर त्याच आकड्यांत सापडलं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो. त्याच प्रमाणात गळती धरली तर ढोबळ हिशोबाने पंपाला पावणेनऊ मिळत होते. कसंबसं भागत होतं, चढावर पेट्रोल जास्त लागलं की मिसिंग. पण बंद करून पुन्हा सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टपर्यंत खाली येते, मग पंपाच्या वाट्याला उरतात जेमतेम सहा. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना साधारण तीन बारचा दाब लागतो, म्हणजे वातावरणाच्या तिप्पट. सहा व्होल्टवर रांगणारी मोटर तो दाब कुठून आणणार? चालू असेपर्यंत चालते आणि बंद केली की अडते, या लहरी वागण्यामागे इतका स्वच्छ हिशोब होता!

त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. आणि काय एकेक गोष्टी आहेत! कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी असो की डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली मारुती ८००, त्यांच्या पेट्रोल पंपाला वीज लागतच नव्हती. इंजिनच्या कॅमचा दट्ट्या पंपाच्या पडद्याला हलवायचा, तेवढ्यावर कार्ब्युरेटर खूश. २००० च्या आसपास उत्सर्जनाचे नवे नियम आले, कार्ब्युरेटर मागे पडून इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं एमपीएफआय आलं, फवाऱ्यासाठी दाब हवा झाला, आणि पंप विजेचा होऊन थेट टाकीत जाऊन बसला. पेट्रोलमध्ये फिरणारी विजेची मोटर! तिच्यात कार्बनचे ब्रश घासतात, बारीक ठिणग्याही उडतात, तरी भडका का उडत नाही? कारण पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते. टाकीच्या आत ती इतकी दाट असते की जळायला पुरेशी हवाच नसते. उलट तेच पेट्रोल मोटरीला थंड ठेवतं आणि वंगणही देतं. म्हणून सतत रिझर्व्हवर गाडी चालवणं पंपाला मानवत नाही. आमच्या घरात आता काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाहीत, आणि तो नियम कुणी केला हे सांगायला नको.

आणि जॉर्ज ओहम! ज्याच्या नावाने तो १.१ मोजला, तो कोलोनच्या एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर होता. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच्याच देशातल्या विद्वानांनी नाकं मुरडली. आज जगातली प्रत्येक गाडी त्याच्या एका ओळीच्या नियमावर दुरुस्त होते. माझ्या जातकुळीचा माणूस!

करंट मोजण्याचीही एक जादू कळली. टाकी न उघडता पंपाची तब्येत सांगता येते. पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळतंय आणि करंट शून्य, तर आत कुठेतरी वाट तुटली आहे. करंट नेहमीपेक्षा बराच जास्त आणि आवाज मंद, तर मोटर कशाने तरी अडली आहे, कचरा असेल किंवा फिल्टर तुंबला असेल. करंट थरथरता आणि कमी, तर कार्बन झिजलेत. टाकीला खालून हाताने दोन थापा मारल्या आणि गाडी चालू झाली, असं जुने मेकॅनिक करतात ना? त्यात अंधश्रद्धा नाही, झिजलेले कार्बन हादऱ्याने क्षणभर जागेवर येतात. अशा वेळी मात्र पंप खरंच संपलेला असतो, तो बदलायलाच हवा.

काही गोष्टी तर इतक्या सोप्या आहेत की चिडचिड होते. फोर्ड, फियाट यांच्या काही गाड्यांत एक इनर्शिया स्विच असतो. गाडीला जोराचा दणका बसला की अपघात समजून तो पंपाची वीज तोडतो. भिवंडी-वाडा रस्त्यावरून जो एकदा गेला आहे त्याला दणका म्हणजे काय हे सांगायला नको! तो स्विच पुन्हा दाबला की गाडी चालू. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही, काही गाड्यांत तो पंपच चालू होऊ देत नाही. अशा वेळी दुसरी चावी लावून बघायची, टाकी उघडायची नाही. आणि भातशेतीच्या गावात गाडी बरेच दिवस उभी असेल तर आधी उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, हे पाहायचं.

दोन सूचना मात्र कान धरून देते. पिवळ्या कपलरना आणि पिवळ्या वेष्टणाच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या असतात. आणि २१ वॉटचा बल्ब ईसीयूच्या बारीक सिग्नल वायरींना लावायचा नाही. हा बल्ब पंप, दिवे, हॉर्न अशा जाड वायरींसाठी. बाजारात एलईडीचा टेस्टर मिळतो, तो मीटरसारखाच नाममात्र करंट घेतो, त्यामुळे गंजलेल्या वायरीवरही तो ऐटीत पेटेल. आपल्याला हवा तो जुन्या पद्धतीचा, आत तार असलेला, भरपूर करंट ओढणारा बल्ब.

त्यानंतर मी घरातलं काय काय मोजलं ते विचारू नका. नवऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न, जो ‘म्हातारा झालाय’ म्हणून सोडून दिला होता, त्याच्याही अर्थमध्ये दीड व्होल्ट गळत होते. शाळेत नववीच्या मुलांपुढे एक बॅटरी, एक बल्ब आणि मुद्दाम गंजवलेली वायर ठेवली. आधी बल्ब काढून मोजायला लावलं, मग पेटवून मोजायला लावलं. आकडा बदलताच वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गावरच्या बाई बघायला आल्या. त्यांनाही सांगितलं.

तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. मल्टीमीटर काही शे रुपयांना मिळतो, इंडिकेटरचा बल्ब तर चहाच्या पैशात. दोन्ही डिकीत ठेवा. आपली गाडी धडधाकट असताना एकदा चावी ऑन करून मागच्या सीटला कान लावा आणि पंपाचा निरोगी आवाज ओळखीचा करून घ्या. आणि कुणी ‘पंप गेलाय, असेंब्ली बदलावी लागेल’ म्हणालं, तर नम्रपणे एकच विचारा: “दादा, पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांत किती व्होल्ट येतात?” आकडा आला तर पुढे बोला. आकडा नसेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.